जीनचं भांडण आणि मेणाची वडी

आमच्याकडे आजवर ‘जिन’ म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. यंदा वेचणीच्या दिवसांत गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. नागपूरहून आलेल्या डॉक्टरबाईंनी स्तनाच्या कर्करोगाबद्दल सांगताना दोन-चार वेळा ‘जीन’ (म्हणजे जनुक) म्हटलं आणि संध्याकाळी पारावर भांडण पेटलं. निवृत्त गुरुजी म्हणाले, “पीएचसीत पट्टी बांधाले कापूस नसते, तेही कापसाच्या जिल्ह्यात! अन् ह्या बाई जीनच्या गोष्टी सांगून राह्यल्या.” पुण्यात नोकरीला असलेला एक पोरगा उसळला, “काकाजी, जग कुठं गेलं! एक रक्ततपासणी केली की कोणाले होईल, कुठं पसरेल, सगळं कळते.” झालं, दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, जीनचं संशोधन म्हणजे शहरातल्या श्रीमंतांचे चोचले. खेड्यातल्या बाईला आधी डॉक्टर द्या, गाडी द्या, रेडिएशनचा शेक द्यायचं मशीन द्या. दुसऱ्या तटाला वाटतं की जीन वाचायचं यंत्र आलं की बाकी सगळं आपोआप मिटेल. हाच वाद मी एसटीत ऐकलाय, स्टाफरूममध्ये ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढली जात असतानाही ऐकलाय. तो दर वेळी इतका वाईट रीतीनं घातला जातो, की शेवटी लिहायला बसलो.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि सहा एकर कोरडवाहू आहे. माझं म्हणणं असं, की स्तनाचा कर्करोग कसा पसरतो याबद्दल जीनच्या अभ्यासातून जे कळलं, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग गरीब बाईलाच आहे, कारण काय करायचं याच्याइतकंच काय करायची गरज नाही हेही त्यातून कळतं. आणि विदर्भातल्या खेड्यात ही विद्या अडते ती यंत्राच्या किमतीपाशी नाही. ती अडते खूप आधी, काढलेल्या गाठीचा तुकडा नीट जपून मेणाच्या वडीत बसवला की नाही, इथे. भांडायचंच असेल तर त्या वडीसाठी भांडा.

आधी गुरुजींच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू भक्कम आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्यानं झाला आणि ९८ हजारांहून जास्त गेल्या. इतक्या का गेल्या? फार मोठा भाग उशिराचा. गाठ हाताला लागल्यापासून दवाखान्यापर्यंत पोचायला आपल्याकडे महिने जातात. आधी लाज, मग गावातला इलाज, मग पेरणी, मग पोरीचं लग्न. शस्त्रक्रियेनंतर शेक घ्यायचा तर रोज एक याप्रमाणे तीन ते पाच आठवडे शहरात राहावं लागतं. एटापल्लीच्या किंवा झरी-जामणीच्या बाईनं नागपुरात कुठं राहायचं, सोबत कोणी यायचं, त्याची मजुरी कोणी भरायची? जीनोमचा, म्हणजे सगळ्या जीनच्या वाचनाचा, कुठलाही कागद याला उत्तर देत नाही. आणि साध्या हातांनी काय होतं, त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा हॉस्पिटलनं दीड लाखांवर बायका २० वर्षं अभ्यासल्या. त्यांतल्या निम्म्यांच्या स्तनांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं करत. त्या बायकांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्यात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नव्हती, जीन तर नव्हतंच.

पण तोच अभ्यास पुढे वाचला, की गुरुजींना अवघड जाणारी ओळ येते. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू स्पष्टपणे घटलेले दिसले नाहीत. आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे चाळिशीतली, अंगावर घरदार आणि शेत असलेली बाई, जिच्यासाठी आपण सगळे गळा काढतो, तिच्यापर्यंत नुसती हाताची तपासणी पुरती पोचत नाही. का पोचत नसावी? माझा तर्क असा, की सगळ्या गाठी एकाच चालीनं चालत नाहीत. काही गाठी दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच वाढून निघून गेलेल्या असतात. हा तर्क खरा की खोटा, हे ठरवायला गाठीच्या आत पाहावं लागतं. ‘आधी साधं करा, मग जीनचं बघू’ हे म्हणणं इथेच लंगडं पडतं. साध्या उपायाची मर्यादा कुठं आहे आणि का आहे, हे सांगायलाही तीच विद्या लागते.

पसरण्याबद्दलची समजूत चुकली तर काय होतं, याचा इतिहास भयंकर आहे. अमेरिकेतले विल्यम हाल्स्टेड हे त्यांच्या काळातले नावाजलेले सर्जन. १८९० च्या दशकात त्यांनी मांडणी केली, की हा आजार गाठीपासून शेजारी, तिथून काखेत, तिथून पुढे असा रांगेनं सरकतो. पाणी बांध फोडून वाफ्यातून वाफ्यात जातं तसा. मग उपाय काय? बांध जितका लांब घालाल तितकं बरं. म्हणून स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या सगळ्या ग्रंथी, सगळं काढायचं. पाऊणशे वर्षं जगभर बायकांच्या छात्या अशा खरवडल्या गेल्या. हात सुजून खांबासारखे झाले, तरी कित्येक जणी पुढे हाडात नाहीतर फुप्फुसात पसरून गेल्याच. १९७१ मध्ये अमेरिकेतलेच सर्जन बर्नार्ड फिशर यांनी या शस्त्रक्रियेची चाचणी सुरू केली. २५ वर्षांचा हिशेब लागला तेव्हा दिसलं, की स्नायूंसकट सगळं काढणाऱ्या शस्त्रक्रियेनं आयुष्य जास्त मिळालेलं नाही. ज्यांच्यात पसरायचं होतं त्यांच्यात पेशी आधीच रक्तातून निघून गेल्या होत्या. चाकू मागाहून पोचत होता.

आता सांगा, ‘समजून घेणं’ हा चोचला कसा? एका चुकीच्या समजुतीची किंमत लाखो बायकांनी शरीराच्या तुकड्यांनी मोजली.

आमच्या गावातली समजूत याच्या अगदी उलटी, पण तितकीच ठाम. “गाठीले चाकू लावू नका, हवा लागली की फैलते.” सुईनं तुकडा काढायलाही बायका याच भीतीनं नकार देतात. मी वर्षानुवर्षं ही अंधश्रद्धा म्हणून हसत आलो. सुईच्या बाबतीत ते हसणं चुकलं नाही. सुईनं तुकडा काढल्यानं आजार पसरून जीव जातो असं नाही, आणि तो तुकडा नसेल तर पुढचं सगळं अंधारात. पण शस्त्रक्रियेच्या बाबतीत टाटाच्याच डॉक्टरांनी तो प्रश्न हसण्यावारी न नेता तपासला. गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटं तिच्याभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. आपला दात काढताना देतात तेच हे औषध, शंभर रुपयांच्या आतलं. दीड हजारांवर बायकांच्या चाचणीत, इंजेक्शन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. यावर आणखी पडताळणी हवी असं म्हणणारे आहेत आणि ते बरोबरच आहे. पण शस्त्रक्रियेच्या वेळी पेशींत काय घडतं हा प्रश्न कोणाला पडला म्हणून ही चाचणी झाली, आणि हाताशी आली शंभर रुपयांच्या आतली गोष्ट. महाग प्रश्नाचं उत्तर नेहमी महागच असतं, हे कोणी सांगितलं? आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यावर हसणारा मी. असो.

जीननं नेमकं काय दाखवलं, इथे थोडं थांबायला हवं, कारण पारावरच्या दोन्ही तटांना ते ठाऊक नाही. २००० साली चार्ल्स पेरू हे अमेरिकेतले संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२ बायकांच्या गाठी घेऊन त्यांत कोणते जीन चालू आहेत आणि कोणते बंद, याचा नकाशा काढला. त्यांतल्या कित्येक जणी नॉर्वेतल्या होत्या, आणि त्यांच्या गाठी उशिरा सापडलेल्या, मोठ्या होत्या. आपल्याकडे येतात तशाच. दिसलं असं, की स्तनाचा कर्करोग हा एक आजार नाहीच. एकाच नावाखाली निदान तीन-चार वेगवेगळे आजार नांदत होते. काही गाठी संप्रेरकांवर (हार्मोनवर) पोसणाऱ्या, काहींमध्ये हर-टू नावाच्या जीनच्या प्रती वाजवीपेक्षा जास्त, काहींना यातलं काहीच नाही. आणखी एक गोष्ट दिसली. एका बाईची स्तनातली गाठ आणि काखेत पसरलेली गाठ यांचा जीनचा नकाशा एकमेकांशी जुळत होता, दुसऱ्या बाईच्या गाठीशी नाही. म्हणजे पसरण्याची लक्षणं मूळ गाठीतच बऱ्याच अंशी लिहिलेली असतात. ज्याला ‘पसरण्याचा जीन’ म्हणून बोट दाखवता येईल असा एकच जीन मात्र हाती लागलेला नाही. पुण्याचा पोरगा चुकतो तो इथे. स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जननं १८८९ मध्येच, या आजारानं गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी पाहून लिहून ठेवलं होतं, की बी चारी दिशांना उडतं, पण रुजतं मानवणाऱ्या मातीतच. काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत काय फरक, हे विदर्भात कोणाला समजावून सांगायला नको.

आता याचा उपयोग. पसरण्याची दोन वेगवेगळी पंचांगं आहेत. ज्या गाठीला संप्रेरकं, हर-टू यातलं काहीच लागू नाही, तिला डॉक्टर ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. ती परतायची असेल तर बहुतेक पहिल्या तीन वर्षांत परतते, आणि फुप्फुस, मेंदू गाठायची तिची खोड आहे. भारतीय पाहण्यांत तिचं प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या दुपटीच्या आसपास येतं. संप्रेरकांवर पोसणारी गाठ उलट्या स्वभावाची. ती हाडांत दबा धरून बसते. २०१७ मध्ये ६२ हजारांहून जास्त बायकांची एकत्रित माहिती प्रसिद्ध झाली. या बायकांनी पाच वर्षं संप्रेरक रोखणाऱ्या गोळ्या घेतल्या होत्या, तरी पाचव्यापासून विसाव्या वर्षापर्यंत आजार परतण्याचं प्रमाण हळूहळू पण सारखं चालूच होतं. आमच्या गावच्या एका काकूंनी टॅमॉक्सिफेन नावाची अशीच गोळी दुसऱ्या वर्षी बंद केली. “बरं वाटून राह्यलं, कायले खाऊ?” गोळी काही रुपयांची. पाच वर्षं घेतली तर संप्रेरकवाल्या गाठीत मृत्यूचा धोका जवळपास एक तृतीयांशानं कमी करते. बाकीच्या गाठींत तिचा काही उपयोग नाही. काकूंची गाठ कुठल्या जातीची होती, ती पंधरा वर्षांनीही उठू शकते का, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. हे सांगायला यंत्र लागत नाही. पण सांगण्यासारखं काही असावं लागतं, आणि ते जीनच्या अभ्यासानं दिलं.

सगळ्यात मोठा मुद्दा किमोचा. आमच्याकडे किमो म्हणजे नुसतं सलाईन नाही. सहा-आठ फेऱ्या, दर फेरीला दोघांची मजुरी बुडते, केस जातात, घरातली म्हैस विकली जाते, आणि योजनेत औषध फुकट असलं तरी राहणं, खाणं, बस फुकट नसते. २०१८ मध्ये टेलर-एक्स नावाच्या, दहा हजारांवर बायकांच्या चाचणीचे निकाल आले. गाठीतले २१ जीन मोजून धोक्याचा आकडा काढायचा. संप्रेरकवाली गाठ, काखेत आजार नाही आणि आकडा मधल्या पट्ट्यातला, अशा बायकांत किमो देऊन आणि न देऊन सारखाच निकाल लागला. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना मात्र थोडा फायदा दिसला. २०२१ मध्ये काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत आजार असलेल्या, पाळी गेलेल्या बायकांबद्दलही तसंच दिसलं. इतकी वर्षं हजारो बायकांनी जी किमो सोसली, तिची त्यांना गरजच नव्हती. अनावश्यक किमोनं श्रीमंत बाईचं काय जातं? केस, आणि काही महिने. गरीब बाईची म्हैस जाते.

यावर गुरुजी म्हणतील, ती तपासणी दोन-तीन लाखांच्या घरात आहे, मास्तर, म्हैस तर तपासणीतच जाईल. मान्य. त्या किमतीला ती आमच्या कामाची नाही, आणि योजनेच्या पैशातून सरसकट ती करावी असं मी म्हणणार नाही. पण महाग गोष्ट कायम महाग राहते का? हर-टूचा जीन वाईट आजाराशी जोडलेला आहे हे १९८७ मध्ये कळलं, त्यावरचं ट्रॅस्टुझुमॅब नावाचं औषध १९९८ मध्ये अमेरिकेत आलं, तेव्हा ते इथल्या कोणाच्याही आवाक्यात नव्हतं. २०१४ मध्ये बायोकॉननं भारतीय आवृत्ती कमी किमतीत बाजारात आणली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. जीनच्या आकड्यांचंही तेच चाललंय. बेंगळुरूच्या एका कंपनीनं पाच प्रथिनं रंगवून धोका सांगणारी तपासणी काढली आहे, बाहेरच्यापेक्षा बरीच स्वस्त. तिला लागतं काय? मेणाच्या वडीत जपलेला गाठीचा तुकडा.

औषधाला दाद न देण्याची गोष्ट तर आमच्या शेतकऱ्यानं कोणा कर्करोगतज्ज्ञाच्या आधी भोगली आहे. २००२ मध्ये अळी मारणारा जीन घातलेलं बीटी बियाणं आलं, २००६ मध्ये दोन जीनचं आलं, आणि २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळीनं दोन्ही पचवले. त्या वर्षी हिरवी बोंडं फोडली की आत अळी. सगळ्या अळ्या मरत नव्हत्या. ज्या मूळच्याच थोड्या वेगळ्या होत्या त्या वाचल्या, त्यांचीच पिलावळ शेतभर झाली. ४५० ग्रॅमच्या थैलीसोबत बिगर-बीटीची १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची. ती बांधाच्या कडेनं लावा म्हणत, म्हणजे जुन्या वाणाच्या अळ्या जिवंत राहतील आणि औषधाला भिणारा वंश टिकेल. आम्ही ती पुडी काय केली, हे विचारू नका. स्तनाच्या कर्करोगातही असंच होतं. संप्रेरक तोडणाऱ्या गोळ्यांखाली वर्षानुवर्षं राहिलेल्या, पसरलेल्या गाठीत ईएसआर-१ नावाच्या जीनमध्ये बदल होतात आणि मग गाठ संप्रेरकांशिवायही वाढत राहते. म्हणून आजार परत आला की जुन्या रिपोर्टवर औषध चालू ठेवणं धोक्याचं. शक्य असेल तिथे नवा तुकडा घ्यायला हवा, कारण काही जणींत गाठीची जातच बदललेली असते. अमेरिकेत रॉबर्ट गेटनबी नावाच्या डॉक्टरांनी तर थेट कीडनियंत्रणावरून कल्पना उचलली, की सगळ्या पेशी मारायच्या नादात टणक पेशींचं रान मोकळं करू नये, औषध थांबवत-चालवत द्यावं. ते प्रयोग मुख्यतः प्रोस्टेटच्या आजारात झाले आहेत, स्तनाच्या आजारात तो रोजचा उपचार नाही. पण ‘जीनचं आमच्या बायकांना काय समजणार’ असं म्हणणाऱ्यानं एकदा बोंडअळी बघितलेल्या बाईशी बोलून पाहावं.

आणि जीनची तपासणी गावात येऊन जमाना झाला आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे ‘एएस’ (वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) हे शब्द आशाताईंच्या तोंडी आहेत. सिकलसेलचं कार्ड बघून लग्नं जमतात आणि मोडतातही. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये सिकलसेलला रेणूचा आजार म्हटलं, तेव्हा तीही कोणाला चैनच वाटली असेल. २०२३ मध्ये त्याच आजाराच्या नावानं राष्ट्रीय मोहीम निघाली. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले, आणि १९८९ च्या त्या लेखानं जगाला खेड्यातल्या बाईच्या आजाराकडे बघायला लावलं. खेडं हे संशोधनाचं उष्टं खायची जागा आहे, हे गृहीतक कोणाचं आहे?

आता वडीकडे येतो.

माझ्या मोठ्या मायच्या उजव्या स्तनात गाठ होती. तालुक्याच्या एका दवाखान्यात ती काढली. डॉक्टरांनी मोठ्या बाबांच्या हातात प्लास्टिकची डबी दिली, तपासून आणा म्हणाले. डबीत मीठपाणी. दिवस कापूस विकण्याचे होते, गाडी जिनवर लागली होती. डबी चार दिवस कोनाड्यात, देवाच्या फोटोशेजारी राहिली. पाचव्या दिवशी मी ती जिल्ह्याच्या लॅबमध्ये नेली. तिथल्या पोरानं झाकण उघडलं, मान फिरवली आणि झाकण लावलं. “सर, हे सडलं.” ज्या माणसाच्या कॉलेजातल्या काचेच्या बरणीत फॉर्मालिनमधला बेडूक पंधरा वर्षं शाबूत होता, त्या माणसाला त्यानं हे सांगितलं. मी ती डबी चार दिवस बघत होतो. मला सुचलं नव्हतं.

यातली विद्या एवढीच आहे. गाठ शरीराबाहेर आली की तासाभराच्या आत दहा टक्के फॉर्मालिनमध्ये जायला हवी. फॉर्मालिन गाठीच्या दहापट, डबी मोठ्या तोंडाची. त्यात कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. मग मेणात वडी. यात चूक झाली तर संप्रेरकांची आणि हर-टूची तपासणी खोटं बोलते, आणि खोटं बोललेल्या रिपोर्टवर बाईला पाच वर्षांची चुकीची गोळी मिळते, नाहीतर बरोबर गोळी मिळत नाही. नीट झालं तर ती वडी वर्षानुवर्षं टिकते. आज परवडत नसलेली तपासणी पाच वर्षांनी त्याच वडीवर होऊ शकते. ही वडी रुग्णाला मागून घेता येते, हे आमच्याकडे शंभरातल्या पाच जणांनाही ठाऊक नसेल. तालुक्याच्या दवाखान्यात फॉर्मालिनची डबी, तिच्यावर वेळ लिहायची चिठ्ठी आणि आठवड्यातून तीनदा नागपूरला किंवा सेवाग्रामला जाणारी एक पेटी, यांना किती खर्च येतो? शेक द्यायच्या मशीनच्या मानानं नगण्य. तरी कोणत्याही मोर्चात ही मागणी मी ऐकलेली नाही. मशीन मागितलं की फोटो निघतो. डबीचा फोटो कोण काढणार?

एक आक्षेप मात्र मला अजून छळतो. आमच्या बायकांच्या गाठी जमा होतील, त्यातून कोणाची तरी औषधं निघतील, आणि मग तीच औषधं आम्हाला थैलीच्या भावानं विकली जातील. बीटीच्या बियाण्याचा अनुभव असलेल्या माणसानं हा संशय का घेऊ नये? घ्यावाच. संमतीचा कागद मराठीत असावा, वाचून दाखवावा, नकार दिला तर उपचारात फरक पडू नये, हे मागायला हवं. पण गाठी न देण्याचा तोटा कोणाला होतो, तेही पाहा. २०२५ च्या जानेवारीत १० हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती देशातल्या संशोधकांना खुली झाली, पुण्यात स्तनाच्या कर्करोगाच्या जीनचा भारतीय नकाशा उभा राहतोय. हे आत्ता सुरू झालंय. जगाच्या खात्यात भरणा आहे तो युरोपीय वंशाच्या लोकांचा, त्यामुळे आपल्या बायकांच्या जीनमध्ये दिसलेला बदल धोक्याचा की निरुपद्रवी, हे ठरवायला तुलनाच नसते. वर्ध्याला सेवाग्रामच्या महाविद्यालयात कर्करोगाची नोंदवही चालते, तिथे आजार आणि मृत्यू मोजले जातात. त्या नोंदीतल्या प्रत्येक नावामागे एक जपलेली वडी असती तर?

मोठी माय दुसऱ्या वर्षी गेली. गाठ कोणत्या जातीची होती, कळलं नाही. गेल्या वर्षी तिच्या मुलीनं, माझ्या चुलतबहिणीनं, नागपुरात स्वतःच्या रक्ताची तपासणी करून घेतली, बीआरसीए जीनसाठी, ज्यातला दोष आईकडून लेकीत येऊ शकतो आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. तिथल्या बाईंनी विचारलं, आईच्या गाठीचा काही तुकडा जपलेला आहे का? जिला आजार झाला तिच्यात आधी दोष सापडला, तरच लेकीत तो नसण्याला पक्का अर्थ असतो. मेणाच्या वडीतूनही डीएनए काढता येतो. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

महिन्याभरानं कागद आला. जीनमध्ये एक बदल आहे, पण त्याचा अर्थ आजच्या माहितीवर निश्चित सांगता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी तो तिला मराठीत दोनदा समजावून सांगितला.

“म्हंजे आहे का नाही?” तिनं विचारलं.

मग तिनं कागदाची चौघडी केली आणि सातबारा ठेवायच्या पिशवीत टाकली.